84,000 रुपयांची श्रवणयंत्रं : नव्वद दिवस वापरल्यावर

मी इचलकरंजीचा. छत्तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. धोटा (आडवा धागा नेणारा) उडाला, पिकर (धोट्याला ठोकर देणारा) फाटला, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) नीट सुटत नाही, की जॉबरला हाक. आता वय 64. मार्चमध्ये कोल्हापुरात दोन्ही कानांना श्रवणयंत्रं बसवून घेतली, जोडीला 84,000 रुपये पडले. आज नव्वद दिवस झाले. जुन्या शेडमधले सात-आठ जण घरी येऊन विचारून गेले, "कसं हाय? घेऊ काय?" त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी सविस्तर लिहितोय.

कंपनीचं नाव लिहिणार नाही. नाव वाचून लोक तेवढंच घेऊन दुकानात जातात आणि पस्तावतात. यंत्र कानाला कुणी, कसं लावून दिलं आणि पुढचे दोन महिने आपण काय केलं, यावर सगळं आहे. हे वेळेवर कळलं असतं तर माझी चार वर्षं वाया गेली नसती.

आधी शेडचं सांगतो, कारण माझे कान तिथंच गेले. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून हे गाव खडखडाटातच वाढलंय. आमच्या शेडमध्ये 48 माग होते. धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडं जायचा आणि दर वेळी पेटीत आदळायचा. अशा शेडमध्ये आवाज 95 डेसिबलच्या पुढं सहज जातो. कारखान्यांच्या नियमात आठ तासांना 90 डेसिबल ही हद्द आहे, 95 असेल तर चारच तास. आम्ही बारा तासांची पाळी करायचो आणि कानात कापसाचा बोळासुद्धा नसायचा.

पण खरं सांगतो, तो आवाज आम्हाला ऐकूच यायचा नाही. नवीन पोरगा आला की आठ दिवस डोकं धरून बसायचा, महिन्याभरात त्याच आवाजात भिंतीला टेकून झोपायचा. आणि मी डबा खात असलो, पाठ शेडकडं असली, तरी 48 पैकी एक माग थांबला की माझा घास हातातच राहायचा. एखाद्या मागाचा पट्टा सैल झालाय हे पाच माग अलीकडून कळायचं. सगळा गदारोळ मागं टाकून तेवढीच एक खोट मन पुढं काढून ठेवायचं. तेव्हा याचं काही वाटलं नाही, कामाची सवय म्हणायचो. त्या सवयीचा अर्थ मला आता या यंत्रानं शिकवला.

चार वर्षांपूर्वी फोनवर जाहिरात बघून 2,800 रुपयांचं एक यंत्र मागवलं होतं. कानात घातलं आणि पंखा, भांडी, रस्त्यावरची गाडी, सगळंच दणदणायला लागलं. बोलणं मात्र होतं तिथंच. दोन दिवसांत ते कपाटात गेलं. माझे कान कामातून गेले, आता काही उपाय नाही, असं मी ठरवून टाकलं. ज्यांनी असं काही घेऊन फेकून दिलंय त्यांनी पुढचं नीट वाचावं.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका क्लिनिकमध्ये ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या मॅडमनी मला आवाजबंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. बारीक शिट्टीसारखा आवाज आला की बटण दाबायचं. शेवटी कागदावर आलेख निघाला, उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी किती उंच, आणि डेसिबल म्हणजे तो ऐकू यायला किती मोठा लागतो; आकडा जेवढा मोठा तेवढा कान गेलेला. 500 हर्ट्झला 25 डेसिबल, म्हणजे जवळजवळ ठीक. पुढं रेघ घसरत जाऊन 4,000 हर्ट्झला 70 डेसिबलवर खड्डा, आणि 8,000 ला परत थोडी वर. तो खड्डा बघून मॅडम म्हणाल्या, "काका, मागावर होता काय?" मी तोवर त्यांना गावसुद्धा सांगितलं नव्हतं. सतत मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाचा आलेख असाच दिसतो म्हणे. आतल्या कानात पंधरा-सोळा हजार बारीक केसपेशी असतात, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि दणक्यानं आधी मरतात त्या या वरच्या पट्टीच्या.

मग त्यांनी जे समजावलं त्यानं माझं चार वर्षांचं कोडं सुटलं. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि जोरकस असतात. स, श, फ, ख, थ, त यांची ओळख पटते ती वरच्या पट्टीतल्या हलक्या आवाजावरून. माझा खालचा भाग शाबूत, वरचा गेलेला. म्हणून मला 'आवाज येतो पण शब्द कळत नाहीत'. साल आणि शाल सारखंच, खाट आणि काठ सारखंच. 2,800 च्या यंत्रानं सगळ्याच पट्ट्या मोठ्या केल्या, म्हणजे मला आधीच ऐकू येत होतं तेच आणखी मोठं झालं. चांगलं यंत्र माणसाच्या आलेखाप्रमाणं नेमकी गेलेली पट्टी उचलतं, आणि मोठा आवाज एका हद्दीपलीकडं जाऊ देत नाही.

यानंतरची तपासणी मी जन्मभर विसरणार नाही. मॅडमनी तोंडासमोर कागद धरला आणि एकेक शब्द बोलत गेल्या: माठ, पान, शाल, खाट. मी ऐकून म्हणायचं. पंचवीसपैकी अकरा बरोबर आले. मग त्यांनी कागद बाजूला केला, दुसरे पंचवीस शब्द तेवढ्याच आवाजात म्हटले. एकवीस बरोबर. माझ्या बायकोनं विचारलं, "आता मोठ्यानं बोलला काय?" नाही. मी त्यांचे ओठ ऐकले होते.

मागावरचा माणूस असाच बोलतो. शेडमध्ये कुणाचा आवाज कुणाला जाणार? ओठ मोठे हलवायचे, हातानं खूण करायची, दहा माग पलीकडच्याशी बोलणं व्हायचं. ही विद्या माझ्यात इतकी मुरली होती की बघतोय आणि ऐकतोय यातला फरकच उरला नव्हता. मला वाटायचं, समोरचा नीट बोलला की ऐकू येतं, तोंड फिरवून बोलला की तो मुद्दाम पुटपुटतो.

मॅडमनी कॉम्प्युटरवर एक छोटी चित्रफीत दाखवली. एक माणूस 'दा, दा' म्हणतोय. त्या म्हणाल्या, आता डोळे मिटा. डोळे मिटले तर 'बा, बा'! उघडले की परत 'दा'. मी पाच-सहा वेळा उघडझाप केली. आवाज 'बा'चा लावलेला आणि ओठ 'गा'चे होते, मनानं दोन्हींचा मेळ घालून तिसरंच अक्षर केलं. 1976 साली इंग्लंडमधल्या मॅगर्क आणि मॅकडोनल्ड या दोघांनी हे जगापुढं मांडलं. गंमत अशी की कळल्यानंतरही ते बदलत नाही. माहीत असूनही 'दा'च ऐकू येतं. माझ्या बारा वर्षांच्या नातीनं घरी परत बघितलं, तिचे कान लख्ख आहेत, तिलाही 'दा'च.

आता यंत्राबद्दल. कानामागं शेंगदाण्याएवढा भाग, त्यातून केसासारखी तार आणि टोकाला रबराची छत्री, ती कानाच्या भोकात. माझी छत्री उघडी, म्हणजे भोकं असलेली आहे, कारण खालची पट्टी मला तशीच ऐकू येते. बंद छत्री घातली की आपलाच आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमतो. पहिल्या दिवशी त्यांनी बंद घालून बघितली आणि मी लगेच नको म्हणालो. सेल 312 नंबरचे, तपकिरी चिकटपट्टीचे. पट्टी काढून एक-दोन मिनिटं हवेत ठेवायचा आणि मग बसवायचा, असं केलं तर टिकतो. मला एक सेल सहा-सात दिवस जातो.

पहिला दिवस. क्लिनिकच्या पायऱ्या उतरताना कुणीतरी मागं मागं येतंय असं वाटलं. दोनदा वळून बघितलं. माझ्याच चपला होत्या. रिक्षाचा इंडिकेटर टिकटिकत होता, कॅरीबॅग हातात चुरचुरत होती. घरी फ्रीज घूं करत होता, ट्यूबलाइट वेगळीच. संध्याकाळी ताटं मांडताना स्टीलवर स्टील आपटलं आणि मी कान धरून उठलो. रात्री मुलाला म्हणालो, "उद्या परत करून ये. हे 2,800 चंच आहे, फक्त महाग."

मुलानं मॅडमना फोन लावला. त्या बोलल्या ते मी त्याच रात्री कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं. दहा-बारा वर्षं तुमच्या मेंदूकडं हे आवाज आलेच नाहीत, त्यामुळं कुठला कामाचा आणि कुठला बिनकामाचा याची त्याची वर्गवारी मोडलीय. आता सगळे एकदम दारात आलेत आणि तो सगळ्यांनाच आत घेतोय. वेळ द्या. पहिला आठवडा फक्त घरात, शांत खोलीत, एका माणसाशी बोला. दुसऱ्या आठवड्यात दोघांशी, टीव्ही बंद. तिसऱ्यात दार उघडं ठेवून. बाजार आणि लग्नाचा हॉल शेवटी. आणि रोज अर्धा तास नातीला पेपर मोठ्यानं वाचायला सांगा, तुम्ही तोच पेपर हातात धरून शब्दांवर बोट ठेवून ऐका.

सुरुवातीला यंत्राची ताकद त्यांनी मुद्दाम कमी ठेवली होती, दर भेटीला थोडी वाढवली. दहाव्या दिवशी गेलो तेव्हा त्यांनी यंत्र कॉम्प्युटरला जोडून सांगितलं, "काका, रोज सरासरी तीनच तास घातलंय." यंत्रात त्याची नोंद राहते. मी बायकोला दिवसभर घालतो म्हणून सांगत होतो. मॅडम रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की तीन तासांत मन नवीन काही शिकत नाही, आठ तरी हवेत. त्या दिवसापासून सकाळी दात घासले की यंत्र कानात, ते झोपताना काढायचं.

साधारण तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी बसलो होतो आणि लक्षात आलं की फ्रीजचा आवाज येत नाही. मला वाटलं, बंद पडला. उठून दार उघडलं, आत दिवा लागला, थंड होता. हात ठेवला तर थरथर लागली. आणि हात ठेवल्याबरोबर घूं परत ऐकू आलं! आवाज तिथंच होता, मनानं त्याला बाजूला टाकला होता, जसे ते 48 माग टाकले होते. मी फ्रीजवर हात ठेवून बराच वेळ तसाच उभा राहिलो. या यंत्राची ताकद तोवर दोनदा वाढवली होती, म्हणजे आवाज कमी व्हायचं काही कारणच नव्हतं. बदल झाला होता तो माझ्यात.

रात्री कानात रातकिड्यासारखं किर्र वाजायचं, पंधरा वर्षांपासून. यंत्र घातल्यावर दिवसा ते जवळजवळ जाणवत नाही, काढलं की परत येतं. मॅडम म्हणाल्या, बाहेरून येणं कमी झालं की मेंदू आतला आवाज वाढवून बसतो, असं समजतात. सगळ्यांचं असं कमी होईलच असं नाही, माझं झालं.

आता जे लिहितो ते लिहावं का नको, यावर मी आठ दिवस विचार केला. सुनेला विचारलं, ती म्हणाली, लिहा.

तीन उन्हाळ्यांपूर्वी दुपारी मी बाहेरच्या खोलीत जेवत होतो. आमचं वरचं छप्पर पत्र्याचं आहे. सून स्वयंपाकघरात पाठमोरी होती आणि मुलाला काहीतरी म्हणाली. मी ऐकलं, "किती खातात हे!" माझा हात थांबला. मी काही बोललो नाही. त्या दिवसापासून तिसरी भाकरी घेतली नाही. कुणी विचारलं की भूक नाही म्हणायचो. तिच्याशी बोलणं कमी केलं. मुलाशीही तुटक बोलायला लागलो, कारण तो तिथं असून गप्प बसला होता. दोघं हळू बोलताना दिसले की माझ्याबद्दलच चाललंय असं वाटायचं. तीन वर्षं हे मी मनात धरून ठेवलं.

एप्रिलमध्ये तपासणीला गेलो तेव्हा मॅडमनी सांगितलं की तुटलेल्या शब्दातली जागा मन रिकामी ठेवत नाही, भरून टाकतं, आणि आपल्याला पत्ताही लागू देत नाही. 1970 साली रिचर्ड वॉरन या अमेरिकेतल्या संशोधकानं एका ध्वनिमुद्रित वाक्यातल्या शब्दातला एक आवाज कापून तिथं खोकला घातला. ऐकणाऱ्यांना शब्द अख्खाच ऐकू आला. काही गायब आहे हे जवळजवळ कुणालाच कळलं नाही. मी विचारलं, "मग मन भरतं ते कुठून?" त्या म्हणाल्या, "पुढच्यामागच्या शब्दांवरून, प्रसंगावरून. आणि आपल्याला जे ऐकायची धास्ती असते, त्यावरूनही."

गाडीत बसून घरी येईपर्यंत मी तेच घोळवत होतो. निवृत्त झालो होतो, हातात पगार नव्हता, मुलाच्या कमाईवर बसून खातोय हे मला आत कुठंतरी टोचत होतंच. घरी आल्यावर सुनेला समोर बसवून विचारलं. तिला तो दिवस आठवेना. मग मी खोली सांगितली, दुपार सांगितली, वाक्य सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि वर बघून म्हणाली, "मामा, मी पत्र्याला म्हणते रोज. किती तापतात हे!"

तापतात. खातात. म्हणून बघा दोन्ही. आणि तोंड फिरवलेलं होतं, ओठ दिसत नव्हते.

ती रडली, मी पण रडलो. तिला वाईट वाटलं ते याचं की तीन वर्षं मी अर्धपोटी उठत होतो आणि तिला कारण माहीत नव्हतं.

ज्या घरात कमी ऐकू येणारं माणूस संशयी झालंय, चिडकं झालंय, कोपऱ्यात बसतंय, त्या घरच्यांनी त्याचा स्वभाव बिघडला असं म्हणायच्या आधी त्याच्या कानाची तपासणी करून घ्यावी. मी हे हात जोडून सांगतो.

आता यंत्रातल्या उणिवा. मोटरसायकलवर वारा माइकवर आपटतो आणि खवळलेल्या नदीसारखा आवाज येतो, मी गाडीवर बसलो की काढून खिशातल्या डबीत ठेवतो. नातीनं गळ्यात हात टाकला की शिट्टी वाजते. चष्मा, मास्क आणि यंत्र तिन्हींची कानामागं दाटी होते, मास्क काढताना एकदा उजवं यंत्र उडून गटारीच्या काठावर पडलं. भजनात पेटीचा आवाज पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा यायचा. त्यासाठी मॅडमनी यंत्रात गाण्यासाठी वेगळं सेटिंग भरून दिलं, बटण दाबलं की ते लागतं. त्यानं सुधारलं, पण पूर्वीची पेटी ती नाहीच. लग्नाच्या हॉलमध्ये बँड सुरू असताना आजही मला शब्द कळत नाहीत, तिथं मी जुन्या पद्धतीनं ओठच बघतो. घामाचा आणि पावसाचा त्रास आहे, म्हणून रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवणं सक्तीचं. टोकाची मळाची जाळी महिन्या-दीड महिन्यात बदलावी लागते, तरुण बोटं लागतात, ते काम नात करते.

84,000 हा आकडा लहान नाही. मला पीएफमधले पैसे होते. ज्यांना जमत नाही त्यांनी अपंगत्व प्रमाणपत्र आणि अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेची चौकशी करावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथं तपासणी आणि यंत्र दोन्हीचं काम चालतं. 84,000 पेक्षा स्वस्तातलं यंत्रही चालेल, पण आवाजबंद खोलीत तपासणी झाल्याशिवाय आणि पुढच्या निदान चार भेटी आधी ठरवून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. दुकानदार आलेख न बघता "हे घाला, मस्त ऐकू येईल" म्हणाला तर उठून या. माझ्या पैशातला मोठा वाटा त्या भेटींचा आहे असं मी धरतो आणि तो मला जड वाटत नाही.

यंत्राला मी पाचपैकी साडेतीन देईन. मॅडमना पाच. आणि अर्धा तास पेपर वाचणाऱ्या नातीला काय द्यायचं ते तिला विचारलंय, ती सायकल म्हणते.

कागदाची तपासणी परवा परत झाली. तोंडासमोर कागद, यंत्र कानात, पंचवीसपैकी वीस. चुकलेल्या पाचांत 'फळ' होतं, मी 'पळ' म्हणालो. पुढची भेट जुलैत आहे, डाव्या कानाची छत्री खाजते ती तेव्हा बदलून घ्यायची आहे. काल पहिला मोठा पाऊस पडला. पत्र्यावर तडतडतडतड, मला वाटलं माग सुरू झाले. सून आतून पाठमोरीच काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. मी उठलो, स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि विचारलं, "काय म्हणालीस?"